उकळलेला स्कर्ट

सिग्ने लीनला त्या सकाळी जाग आली ती ओल्या मेंढीच्या वासाने. लीनांच्या शेतावर गहू होता, गाई होत्या. मेंढी एकही नव्हती. ती तशीच गाऊनवर खाली आली. चुलीवर कपडे उकळायचं मोठं पातेलं रटरटत होतं आणि तिचे वडील, हाल्वर लीन, त्यात लाकडी दांडा फिरवत होते. चेहरा असा, की रविवारचं सूप करताहेत.

दांड्याच्या टोकाला खाकी लोकरीचं कापड वर आलं आणि सिग्नेची झोप उडाली.

“बाबा! तो माझा स्कर्ट आहे!”

“उवा,” हाल्वर म्हणाले.

“कुठल्या उवा?”

“फौजेतून आलेल्या कपड्यात उवा असतात. जाकीट तेवढं राहिलंय.”

जाकीट शेजारच्या खुर्चीवर आपली पाळी येण्याची वाट बघत होतं. सिग्नेने ते आधी काखेत मारलं. आता दुसरं महायुद्ध चालू होतं; हाल्वर पहिल्यात लढून आलेले. पण त्या युद्धाबद्दल त्यांनी घरात एकच गोष्ट सांगितली होती, उवांची. वर्षभरापूर्वी मुलगी सैन्याच्या महिला दलात भरती झाली, ओंटारियोच्या छावणीत ट्रक चालवू लागली, तेव्हापासून ते तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते. आठ दिवसांची सुटी आज संपत होती. चारची गाडी होती. आणि वर्दीशिवाय छावणीच्या फाटकात उभं राहिलं, तर तिथली सार्जंटबाई आधी शिक्षा द्यायची आणि कारण नंतर विचारायची.

पातेल्यातून निघालेला स्कर्ट एखाद्या थोराड बाहुलीला छान बसला असता.

गोठ्यातून दूध घेऊन आलेल्या आईने तो बघितला, बादली खाली ठेवली आणि म्हणाली, “धर ते टोक.” मायलेकींनी अंगणात रस्सीखेच सुरू केली. स्कर्ट जेवढा लांबीला वाढला तेवढा रुंदीला आटला. मग रुंदीला ताणायला तो पावसाच्या पाण्याच्या पिंपावर चढवायचा ठरला. दोघी पिंपाशी झटत असतानाच शेजारच्या मिसेस ब्रेक्के फाटकातून आल्या. हातात प्रवासासाठी केक. साखरेचं रेशन चालू असताना बाई केक आणते ती काही पोट भरायला नव्हे, डोळे भरायला.

त्यांनी स्कर्ट निरखला. “अगंबाई! फौजेतल्या पोरींचे स्कर्ट आखूड असतात म्हणून ऐकलं होतं. पण इतके?”

“आटलाय तो, मिसेस ब्रेक्के,” सिग्ने म्हणाली.

“हो का,” म्हणत बाईंनी केक आईच्या हातात दिला आणि आल्या पावली परत फिरल्या. दुपारच्या आत चर्चच्या महिला मंडळाला स्कर्टचं माप कळणार, हे नक्की झालं.

आई केक घेऊन स्वयंपाकघरात आली. केक टेबलावर आपटला.

“हाल्वर, एक सांग. उवाच होत्या, तर पोरगी आली त्या दिवशी का नाही उकळलंस? आठ दिवस उवा आपल्या खुर्च्यांवर बसून जेवल्या, तेव्हा कुठे होतास तू?”

हाल्वर दांडा पुसत राहिले.

“मुद्दाम केलंत?” सिग्नेने विचारलं.

ते माळ्यावर गेले आणि पत्र्याची ट्रंक घेऊन खाली आले. तळातून त्यांनी खाकी लोकरीची पँट काढली. “हिचा स्कर्ट शिव.”

आईने पँट झटकून उजेडात धरली. “ही कुणाची?”

“माझी.”

“तुझी? यात तुझी मांडी जायची नाही!”

“माझ्या आईने उकळली होती. परत आलो त्या दिवशी. अंगणातच उतरवायला लावली, मग घरात घेतलं.”

“आणि दर नोव्हेंबरला माजी सैनिकांच्या परेडला साध्या कोटात जातोस ते? पोट सुटलंय, वर्दी होत नाही म्हणतोस?”

“म्हातारीला कशाला दोष द्यायचा.”

सिग्ने जाकीट काखेत धरून उभीच होती. “म्हणजे उकळल्यावर लोकरीचं काय होतं, हे तुम्हाला पंचवीस वर्षं माहीत होतं.”

“मला वाटलं, स्कर्टच नसला तर तुला जाता येणार नाही,” हाल्वर म्हणाले. “मग तू खाली आलीस, जाकीट उचललंस. तेव्हा कळलं, तू गाऊनवरसुद्धा जाशील.” त्यांनी पँटकडे बोट दाखवलं. “माझी आटली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता परत कुणी बोलावलं तरी घालायला काही नाही.”

उवांनंतर युद्धाबद्दल घरात सांगितली गेलेली ही दुसरी गोष्ट. आईने कात्री घेतली आणि पँट उसवायला सुरुवात केली.

दुपारपर्यंत शिलाईचं मशीन चाललं. निखाऱ्यावर इस्त्री तापवायचं काम हाल्वरनी मागून घेतलं. स्कर्ट जाकिटापेक्षा जरा गडद झाला, पण लांबीला नियमाप्रमाणे गुडघ्यापर्यंत बरोबर उतरला. स्टेशनवर महिला मंडळातल्या बऱ्याच बायकांना अचानक कामं निघाली होती. मिसेस ब्रेक्केंनी सिग्नेला पायापासून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा केक फसल्यासारखा झाला.

गाडी आली. हाल्वरनी तिची बॅग वर चढवून दिली.

“हवा बरी आहे आज,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

गाडी हलली, तसे ते डब्याबरोबर चार पावलं चालले.

“आणि छावणीत उवा झाल्या, तर खुशाल उकळ,” त्यांनी खालून ओरडून सांगितलं. “हा काही आता आटायचा नाही.”