कुपीचा सत्कार

कुठल्याही वस्तूचा आधी सत्कार व्हावा लागतो, त्याशिवाय ती लागू पडत नाही, हे भूममध्ये सर्वमान्य आहे. इथल्या महाविद्यालयाचं झेरॉक्स मशीन पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत गुंडाळूनच होतं. (तारीख मिळाली तोवर आत उंदरांनी संसार मांडला होता. पण नारळ चांगला निघाला.)

त्यामुळं मानवी प्रथिनाची कुपी येणार म्हटल्यावर प्राचार्य हिंमतराव सरांनी तातडीनं स्वागत समिती नेमली, हे योग्यच झालं.

कुपी मागवली होती माझ्या भाचीनं, निकितानं. ती तामलवाडीची, माझ्याकडं राहून एमएस्सी करते. प्रथिन माणसाचंच, पण माणसातून काढलेलं नव्हे. त्याची कृती जिवाणूंच्या अंगात घालून त्यांच्याकडून करून घेतलेलं. आपल्या पेशीत आरएनए नावाचे निरोप फिरतात. हे प्रथिन निरोप धरतं आणि कधी, कुठं पोचवायचा ते ठरवतं. (महाविद्यालयाच्या कार्यालयातही हेच चालतं, पोचवणं सोडून.) करडईच्या पानांच्या अर्कानं ही पकड सुटते का, ते निकिताला पाहायचं होतं. कुपी एकच. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतली तिची जागा या एका निकालावर अडकलेली.

समितीनं सर्व शंका निकाली काढल्या. प्रथिन मानवी आहे, तर खुर्ची द्यावी का? (द्यावी, पहिल्या रांगेत नको.) शाकाहारी आहे का? (तक्रार येईपर्यंत होय.) कुपीवर ‘फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी’ असं छापलंय, त्याचं काय? शिवकांता मॅडमनी ठराव मांडला की, कार्यक्रम संपेपर्यंत मंडपालाच प्रयोगशाळा समजण्यात यावं. एकमतानं मंजूर.

कुपी आली ती थर्माकोलच्या डब्यात, कोरड्या बर्फात. निकिता डबा घेऊन फ्रीजरकडं निघाली, तेवढ्यात सरांनी झाकण उचललं. पांढरा धूर बाहेर आला आणि सरांचा चेहरा उजळला. गेल्या लग्नसराईत त्यांच्या मुलाची, रणधीरची, मांडवातली एन्ट्री अशाच धुरातून झाली होती.

“हे आधी सांगायचं न्हाय का? डबा स्टेजवर ठेवा. पाहुणे आले की धुरातून कुपी.”

“सर, ऊब लागली की मरतंय ते. कुपी फ्रीजरला ठेवते, तुम्ही कार्यक्रमाला रिकामा डबा घ्या.”

“रिकाम्या डब्याचा सत्कार? पाहुण्यांना काय वाटंल?”

“मग झाकण तरी लावू द्या.”

“झाकण लावल्यावर धूर कुठनं येणार, बाळा?”

डबा स्टेजवर गेला, उघडाच.

पाहुणे एका बारशाला आणि एका दहाव्याला अडकले होते. निकिता डब्यावर ओढणीची सावली धरून उभी राहिली. धूर मंदावत गेला. शेवटी फाटकात गाडी दिसली आणि सरांचा जीव खालीवर झाला. मंडपवाले धोंडप्पा मात्र अनुभवी माणूस.

“घाबरू नका सर. लग्नात आमी गरम पाणी वततो. लई धूर निघतो.”

चहाचं आधण तयारच होतं.

धूर असा निघाला की पाहुणे स्टेजवर चढले की नाही तेच कळेना. लोकांनी विश्वासानं टाळ्या वाजवल्या. कुपीला हळदकुंकू लागलं. शाल मोठी होत होती, म्हणून ती सरांनाच घातली. मग पाहुण्यांनी कुपी मुठीत घट्ट धरून संशोधनाच्या गरजेवर भाषण केलं. मूठ उबदार होती. भाषणही.

निकितानं तरी प्रयोग केला. रात्री ताटावर बसून भाकरी नुसती मोडत राहिली.

“आत्या, ते काहीच धरंना गं.”

अर्क घाला, न घाला, प्रथिन आरएनएला ओळखसुद्धा दाखवेना. दुसरी कुपी येईस्तोवर बेंगळुरूची जागा दुसऱ्या कुणाची झाली. समितीच्या अहवालात मात्र नोंद आहे: उपस्थिती शंभर टक्के (आचारी धरून), धूर समाधानकारक, संशोधन सुरू. सर मनानं वाईट नाहीत. त्यांनी निकिताला शब्द दिलाय की पुढच्या वेळी धुराचं वेगळं मशीन आणू, मग तिच्या बर्फाला कुणी हात लावणार नाही. मशीनच्या सत्काराची तारीख मागितली आहे.

सोहळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर सगळीकडं फिरला. मधोमध पाहुणे, शेजारी शालीतले सर, मागं धूर. कडेला ओढणीचं टोक दिसतं, ती निकिता. फोटोखालची सगळी अभिनंदनं ती एकेक करून वाचत होती. कुपीचं पुढं काय झालं, असं कुणी विचारलंय का, ते बघत होती. तुमचंही अभिनंदन त्यात सापडलं. जोडलेले हात दोनदा आले आहेत.