दगडूकाकांची थोरली

दगडूकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पाण्याच्या हौदाच्या तळाशी मांडी घालून बसले होते. सकाळचे सात वाजले असतील. आम्ही आदल्याच दिवशी दुसरबीडला त्यांच्या शेजारी राहायला आलो होतो, आणि आईने मला वाटी देऊन विरजण आणायला पाठवलं होतं. अंगणात कुणी दिसेना. हौदात डोकावले तर आत बनियन घातलेला एक म्हातारा, पाठीवर टाकी, कानांवरून गेलेल्या दोन जाड रबरी नळ्या, मानेमागून वर येणारी बुडबुड्यांची माळ, आणि तरंगून वर येऊ नये म्हणून मांडीवर चटणीचा पाटा.

मी ओरडले नाही. मला ते जमत नाही. मी वाटी धरून उभी राहिले. थोड्या वेळाने पाण्यातून एक हात वर आला, त्याने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि मग दोन बोटं उभी केली. विरजण फ्रिजच्या दुसऱ्या खणात होतं. सकाळी वाटी घेऊन आलेलं माणूस काय मागतं, हे त्यांना पाण्याखालूनही कळलं होतं.

नाव दगडू आणि जन्मभराचा धंदा बुडण्याचा. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी मुंबईच्या बंदरात काढली. बुडालेल्या बोटींना साखळ्या बांधायच्या, जहाजाच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हे काम. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा इतरांनी फ्लॅट, सोनं असं काहीबाही आणलं. काकांनी जहाजं तोडतात तिथल्या भंगारबाजारातून तीन जुने रेग्युलेटर आणले. पितळेचे, थाळीएवढे गोल, दोन नळ्यांचे. असे आता कुणी वापरत नाही. टाकीतली दाबाची हवा पाणबुड्याला झेपेल एवढीच, आणि तो ओढेल तेव्हाच देणारं हे यंत्र. काकांची व्याख्या याहून चांगली होती. "मागतल्याबिगर देत नाही, अन् मागतल्यावर नाही म्हणत नाही. असं माणूस दाखव मले जिल्ह्यात."

काकांनी या तिघींना ठेवलेली नावं थोरली, मधली आणि धाकटी. धाकटी खोडकर, तिच्या कडेने पाणी आत यायचं. मधली कुरकुरी, श्वास द्यायची पण घरघर करून. थोरलीबद्दल काका फार बोलत नसत. ती खुंटीवर, पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली असे. रोज सकाळी हौदात बसून मधलीला नाहीतर धाकटीला 'श्वास घालणं' हा त्यांचा नेम होता. तो झाल्याशिवाय ते चहा घेत नसत आणि कुणाशी बोलतही नसत.

गावाला रेग्युलेटर म्हणजे गॅसचा नाहीतर पंख्याचा. त्यामुळे 'काका रेग्युलेटर दुरुस्त करतात' ही बातमी पसरल्यावर त्यांच्या ओट्यावर गॅसचे रेग्युलेटर येऊन पडू लागले. काका आधी चिडायचे, मग ते उघडून दुरुस्त करायचे आणि वर सुनवायचे, "घे. याच्यानं भाजी शिजते, माणूस नाही जगत." पितळ ते चिंचेच्या कोळात भिजवत. नळ्या वाळल्या की चिकटू नयेत म्हणून त्यांना लहान बाळांची पावडर लावत. दर महिन्याला डबा घेतात म्हणून दुकानदाराने एकदा घरी कोण बाळंत झालं ते विचारलं. काकांनी शांतपणे सांगितलं, तिघी आहेत.

सगळ्यात मोठा सोहळा टाकी भरण्याचा. माडीवर त्यांचा हवा भरायचा कॉम्प्रेसर होता आणि हवा ओढणारा पाइप उंच बांबूला बांधलेला. भरण्याआधी काका गल्लीतल्या चारही घरांत स्वतः जाऊन सांगत, की आता तासभर फोडणी नको. जी हवा आत जाईल तीच खाली नाकातोंडात येणार. बायका हसत, पण ऐकत. एकदा कोपऱ्यावरच्या घरी पाहुणे आले आणि त्यांनी मिरच्या भाजल्या. दुसऱ्या दिवशी काका कुणाच्या तरी विहिरीत तीस फुटांवर शिंकत होते. वर आले ते थेट त्या घरी गेले आणि म्हणाले, "ठेच्यात मीठ कमी होतं."

वेल्डिंगवाल्याने एकदा प्रेमाने ऑक्सिजनची टाकी देऊ केली होती. साध्या हवेपेक्षा चांगला माल, असा त्याचा हिशेब. काकांनी त्याला दोन तास बसवून निव्वळ ऑक्सिजन खोल पाण्यात कसा माणूस मारतो ते समजावलं. तो बिचारा त्यानंतर वेल्डिंग करतानाही श्वास रोखून धरायचा, असं म्हणतात.

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून माझी नेमणूक झाली. काकांकडे या यंत्रांच्या जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या, अस्पष्ट, काही पानं उलटी. दुपारी मी ती वाचून मराठीत सांगायचे आणि काका पान न पाहताच चूक काढायचे. स्क्रू आधी डावीकडे अर्धा फेरा, हे पुस्तकात खरंच पुढच्या ओळीत असायचं. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. हातांना मात्र सगळं पाठ होतं. तो पितळेचा डबा उघडून आतला रबरी पडदा बोटाच्या टोकावर तोलताना त्यांना पाहिलं की मी वाचता वाचता थांबायचे. एवढ्याशा पडद्यावर एक अख्खं माणूस पाण्याखाली जगतं, हे मला कितीदा पाहूनही खरं वाटायचं नाही.

त्यांचा एक नियम पक्का होता. "पितळावर माया कराव. रबरावर नाही. रबर दोन वर्सांत बदलाव." म्हणून थोरली पहिल्यांदा माझ्या हातात आली तेव्हा मला नवल वाटलं. तिचा पडदा नवा होता, नळ्या नव्या होत्या, पण तोंडात धरायचा रबरी माउथपीस जुनाट, कडक, भेगा पडलेला. त्यावर दातांचे खोल ठसे. काका विसरले असतील असं समजून मी ऑनलाइन एक नवा मागवला. त्यांनी तो घेतला, चांगला आहे म्हणाले आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला.

त्या वर्षी चैत्रात वस्तीच्या विहिरीत मोटार पडली. दोर कुजून तुटला आणि मोटार पाइपासकट खाली गेली. गळ टाकून पाहिले, पण ती तळाच्या कपारीत अडकली होती. चार दिवस लोक टँकरच्या पाण्यावर होते. पाचव्या दिवशी सगळे काकांकडे आले. नेमकी मधली तेव्हा सुटी होऊन परातीत पडली होती आणि तिची स्प्रिंग मुंबईहून यायची होती. धाकटीचा पडदा त्याच सकाळी हौदात फाटला. तिघी वेगवेगळ्या बनावटीच्या, एकीचा भाग दुसरीला बसत नसे. काकांनी दोन्ही दाखवल्या आणि हात जोडले.

सरपंचबाईंची नजर खुंटीवर गेली. त्या धोतराच्या गुंडाळीत काय आहे, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, थोरली पाण्यात जात नाही.

"काऊन? पूजेले ठेवली काय?"

"हो."

"गॅसचे रेग्युलेटर फुकटात करून देता, अन् वस्ती तहानली तं तुमची मशीन सोवळ्यात बसते," असं म्हणून सरपंचबाई उठल्या.  मागतल्यावर नाही म्हणत नाही, हे वाक्य ज्यांच्या तोंडी मी शंभरदा ऐकलं होतं, ते काका मान खाली घालून बसले होते.

दुपारी मी गेले. मी सहसा कुणाला काही विचारत नाही, पण खणातला नवा माउथपीस काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी थोरली मांडीवर घेतली. जुनं रबर वाळून पितळाला धरून बसलंय, काढायला गेलं की तुकडे होतील, असं ते म्हणाले. मग त्यांनी ठशांवरून अंगठा फिरवला.

"हे दात माहे नाहीत. तुह्या काकूचे आहेत."

वच्छलाकाकूंना मी पाहिलेलं नाही. आम्ही आलो त्याच्या आधी तीन वर्षं त्या गेल्या. पाण्याची त्यांना इतकी धास्ती, की त्या विहिरीवर कधी वाकल्या नाहीत. नवरा मुंबईला पाण्याखाली असायचा तेव्हा या इकडे पत्राची वाट पाहत दिवस काढायच्या. काका कायमचे परत आले त्या उन्हाळ्यात त्या एक दिवस म्हणाल्या, एवढी वर्सं तुम्ही कुठं जात होता ते एकदा पाहू द्या. काकांनी त्यांना नऊवारीसकट हौदात उतरवलं, थोरली तोंडात दिली आणि दोन्ही हात धरले. भीतीने त्यांनी रबर कडकडून चावलं. पण वर आल्या नाहीत. दहा मिनिटं नवऱ्याकडे पाहत खाली बसून राहिल्या.

"वर येऊन म्हणे, लय शांत असते हो खाली. मले वाटे तुम्ही एकटे भेत असान."

मी नवा माउथपीस उचलून परत खणात ठेवला. तोंडात थोरली धरली तर काकांच्या दातांखाली ते ठसे जाणार. रबर काढलं तर तुटणार. खिडकीतून टँकरपाशी लागलेल्या घागरींची रांग दिसत होती. काकांनी तिकडे पाहिलं. मग उठले, टाकी उचलली आणि हौदात शिरले. अर्धा तास ते दात न लावता, नुसत्या ओठांनी थोरली धरून श्वास घेत बसले. एका हाताने ती तोंडाशी धरायची आणि दुसऱ्या हाताने, मोटार समजून, मांडीवरच्या पाट्याला दोर बांधायचा. चार वेळा बांधला, चार वेळा सोडला.

विहिरीवर त्यांनी इशाऱ्याचा दोर माझ्या हातात दिला. पोरीच्या हाती काऊन, असं कुणीतरी म्हणालं. काका म्हणाले, ती बोलत नाही, दोर धरणाऱ्यानं बोलू नये. एक झटका म्हणजे ठीक. चार झटके म्हणजे वर ओढा.

पाणी काळं होतं, पंचवीस फूट खोल. काका लोखंडी पायऱ्यांवरून उतरले, डावा हात तोंडाशी, कमरेला मोटारीला बांधायचा नवा दोर, आणि त्यांचं पांढरं डोकं दिसेनासं झालं. मग फक्त बुडबुडे. वर फुटणारा प्रत्येक बुडबुडा म्हणजे खालच्या माणसाने नुकताच घेऊन सोडलेला श्वास आहे, हे मला तेव्हा नीट समजलं. पन्नास-साठ माणसं काठावर उभी होती आणि कुणी खोकत नव्हतं. मी झटका दिला. खालून झटका आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा दिला तर काहीच आलं नाही. बुडबुडे कपारीच्या बाजूला सरकले, दाट झाले. मी श्वास मोजत होते, त्यांचे की माझे ते सांगता येणार नाही. मग एक झटका आला, हळू. पाठोपाठ मोटारीचा दोर ताणला गेला आणि माणसं ओढायला धावली.

मोटार वर आल्यावर लोक तिच्याभोवती जमले. काका पायरीवर बसून होते. जबडा थरथरत होता. सरपंचबाईंनी स्वतःच्या हाताने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि सकाळच्या बोलण्याचं मनात धरू नका म्हणाल्या. काकांनी मान हलवली. लक्ष सगळं मांडीवरच्या थोरलीकडे होतं.

घरी आल्यावर त्यांनी थोरली स्वच्छ पाण्यात धुतली, मला हाक मारली आणि माउथपीस उजेडात धरला. जुने ठसे जिथल्या तिथे होते. पण त्यांना लागून एक नवा ठसा उमटला होता, रुंद आणि ओला.

"दोर बांधाचा आकडाच सुटला होता मोटारीचा," ते म्हणाले. "दोन्ही हात लागले."

 वाईट झालं असं मी म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले. काका तो ठसा डोळ्यांजवळ नेऊन, दूर धरून, पुन्हा जवळ आणून पाहत होते.

"तिच्या शेजारीच लागला," ते म्हणाले.