टेकडीवरून तक्रार नाही

ज्याच्याविषयी काही ऐकू येत नाही ते सुखरूप असतं, या तत्त्वावर जगातली निम्मी कार्यालयं आणि बहुतेक संसार चालतात. आमच्या दळणवळण विभागाने हे तत्त्व यंत्रात बसवलं, याचा आवक-जावक कारकून म्हणून मला सार्थ अभिमान आहे.

पूर्वीची पद्धत अगदीच रानटी होती. टेकडीवरच्या टेलिफोन केंद्रात फोनताई बसायच्या. बावीस वर्षं. यंत्रांना काय होतंय ते वहीत लिहायच्या ("आठ पन्नास. खरखर. वायर भिजली होती. पुसली. बरी आहे.") आणि रोज सकाळी नऊ दहाला मुख्यालयात फोन करून वाचून दाखवायच्या. त्यातच स्वतःचा गुडघा, मुलाचा न आलेला फोन असं अवांतर घुसायचं. फोन उचलणाऱ्याला चहा गार होईपर्यंत "हं" म्हणत बसावं लागे. असे "हं" वर्षाला सुमारे नऊ हजार चारशे भरत. (आकडा खात्रीचा आहे. ते मीच म्हणत होते.)

म्हणून 'दूरस्थ नोंद-संकलन योजना' आली. केंद्रातलं यंत्र आपलं दुखणं आपणच नोंदवणार आणि ती नोंद लाईनवरून थेट मुख्यालयातल्या पडद्यावर येणार. दुखण्याची नोंद आली की पडदा लाल, नाही आली की हिरवा. पडदा तीस दिवस हिरवा राहिला, तर केंद्र आपलं आपण चालतं असं समजून फोनताईंचं पद रद्द.

फोनताईंना ते नको होतं. "घरी बसून भिंतींना नंबर लावू का?" एवढाच त्यांचा अभिप्राय आला. (रकाना लहान होता.)

यंत्र जोडणाऱ्या तंत्रज्ञाने समजावलं, की नोंदींच्या आठ पातळ्या असतात. सर्वांत वर 'आणीबाणी', सर्वांत खाली 'बारीकसारीक', मध्ये 'गंभीर', 'सावधान' वगैरे. कुठल्या पातळीच्या वरचं ऐकायचं, ते आपण ठरवायचं. (ही सोय घरात असती तर सासूबाई आणि मी केव्हाच मैत्रिणी झालो असतो.)

पहिल्या दिवशी आठही पातळ्या उघड्या ठेवल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन लाख चौदा हजार नोंदी आल्या. मोठ्या साहेबांनी पहिल्या अकरा वाचल्या आणि डोकं धरून विचारलं, की एवढ्याशा यंत्राला कुरकुर तरी किती. रोज एक पातळी बंद करावी, असा आदेश निघाला. आठवड्यात यंत्राला चांगलं वळण लागलं; फक्त आणीबाणी उरली.

आणीबाणी कशाला म्हणावं, यासाठी समितीच्या तीन बैठका झाल्या. 'केंद्राचा मुख्यालयाशी संपर्क पूर्णपणे तुटणे' ही व्याख्या एकमताने मंजूर झाली. तंत्रज्ञाने हळूच विचारलं, "साहेब, लाईन तुटल्यावर ती तुटली हे कुठल्या लाईनवरून कळवायचं?"

तो पुढच्या टप्प्याचा विषय असल्याची नोंद इतिवृत्तात आहे. टाईप मीच केलं.

तीस दिवसांची मोजणी सुरू झाली. बाराव्या दिवशी लाईन बंद पडली. टेकडीवरचे सगळे फोन मुके. पडदा मात्र असा हिरवागार, की पाहुण्यांना दाखवायला नेत. तेराव्या दिवशी फोनताई दोन तास उतरून, गुडघा धरत, वही काखेत घेऊन मुख्यालयात हजर.

साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. "लाईन बंद असती, तर इथे आलं असतं ना, ताई."

"मी आलेय ना, साहेब."

तंत्रज्ञ स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात खरं. पण आरसा नवा घेतलेला असला, की त्यातच बघावं लागतं. ताईंचं येणं विहित नमुन्यात नसल्यामुळे 'बारीकसारीक' या पातळीवर धरण्यात आलं, आणि ती पातळी बंद होती.

त्या आणखी तीनदा आल्या. भेटीला येणाऱ्यांच्या फाटकावरच्या वहीत, 'येण्याचं कारण' या रकान्यात, चारही वेळा 'लाईन बंद' असं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आहे. त्या महिन्यात संपूर्ण विभागात झालेली ही एकमेव अचूक नोंद. पहारेकरी रोज संध्याकाळी ती वही कुलपात ठेवतो.

तीस दिवस पूर्ण झाले. आणीबाणी: शून्य. तक्रारी: शून्य. टेकडीवरचे समाधानी ग्राहक: शंभर टक्के (एकानेही फोन केला नाही). साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं, ताईंचं पद गेलं. निरोपाला त्यांनी बावीस वर्षांच्या वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बाई, सकाळी नऊ दहाला तुम्हीच फोन करत जा आता. मी हं म्हणेन."

मला आता चहा गरम मिळतो. ताईंना फोन करायचं अजून जमलेलं नाही. त्या टेकडीवरच राहतात, घरचा फोन त्याच लाईनवर. महिने झाले, त्यांची काही कुरकुर नाही, म्हणजे मजेत असणार.

तुम्ही हे निवांत वाचताय, यावरून तुमच्याकडेही सगळं हिरवंच दिसतंय. आईचा फोन बऱ्याच दिवसांत आलेला नाही ना? अभिनंदन.