ग्लेनिसच्या डब्यातलं हिमशिखर

किड्यामुंग्यांचे जवळून फोटो काढायची खास लेन्स विकत घ्यायची नाही, असं मर्व्ह ट्रेझाइजने ठरवलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. घेतली असती तर चार पैसे गेले असते आणि विषय संपला असता. पण दुकानदाराने फोनवर किंमत सांगितली तेव्हा मर्व्ह म्हणाला, "पुन्हा सांग." दुकानदाराने पुन्हा सांगितली. ती तेवढीच निघाली. मर्व्हने फोन ठेवला.

"एवढ्यात दुसरी गाडी येईल," तो बायकोला म्हणाला.

"पहिली सुरू होईल का एवढ्यात?" ग्लेनिसने विचारलं.

मर्व्ह म्हणजे पेनरूथच्या धान्यकोठारावरचा निवृत्त माणूस. तीस वर्षं त्याने एकच काम केलं. गव्हाने भरलेला ट्रक आला की त्यात लांब नळी खुपसायची, निघालेला गहू चाळायचा आणि बघायचं. चाळणीत एक जरी जिवंत सोंडकिडा चालताना दिसला, तरी सगळा ट्रक परत. मर्व्ह वाद घालत नसे, दिलगिरी व्यक्त करत नसे. कागद परत द्यायचा आणि दोनच शब्द बोलायचा, "गाडी वळव." सख्ख्या मेहुण्याची गाडी त्याने वळवली होती. लायोनेल प्रिस्कची तर तीन तास उन्हात रांगेत उभं राहिल्यावर वळवली होती. त्याला आता तीस वर्षं होत आली, पण लायोनेल अजून दारूच्या दुकानात मर्व्हला पुढे जाऊ देत नाही.

(वजन मात्र मर्व्हने कधी ग्रॅमभर खोटं लिहिलं नाही, हे लायोनेलही कबूल करतो. कबूल करताना त्याला त्रास होतो, ती गोष्ट वेगळी.)

निवृत्तीनंतर डोळ्यांची बारीक बघायची सवय काही जाईना, म्हणून मर्व्हने वडिलांचा जुना कॅमेरा माळ्यावरून काढला आणि एक वापरलेला नवा घेतला. वसंतातल्या कृषी प्रदर्शनात यंदा फोटोंचा एक नवा गट होता, 'लहान जीव, आपल्या जागी'. पहिला नंबर काढायचाच, असं त्याने मनात धरलं. आयुष्यात त्याला कधी कशाचाही पहिला नंबर मिळाला नव्हता. ग्लेनिसला दरवर्षी मिळायचा, स्कोनसाठी, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या गोल पावांसाठी. नऊ वर्षं ओळीने. दहावं मिळालं की सभागृहातल्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत नाव लागतं. त्या फलकावर तिच्या आईचं नाव होतं आणि त्याच्या खालची जागा मोकळी होती. त्या जागेबद्दल ग्लेनिस कधी बोलत नसे, पण सभागृहात गेली की तिथेच बघत असे.

तर लेन्स घ्यायची नाही, पण फोटो काढायचा. स्वस्तातले उपाय सुरू झाले.

पहिल्या प्रयोगात त्याने सासूबाईंचं भरतकामाचं भिंग चिकटपट्टीने कॅमेऱ्यावर बसवलं. मुंगी आली, पण चहूबाजूंनी वितळल्यासारखी. दुसऱ्या प्रयोगात सांडपाण्याच्या पाइपाचा वीतभर तुकडा कापून तो कॅमेरा आणि लेन्सच्या मधे घातला. लेन्स कॅमेऱ्यापासून जितकी दूर जाईल तितका किडा मोठा दिसतो, हे खरं आहे. पण त्या तुकड्याच्या फटींतून उजेडही आत येत होता, आणि पाइप कुठून कापला हे न्हाणीघरात लगेच कळलं. तिसरा उपाय जमला. वडिलांच्या कॅमेऱ्याची लेन्स काढायची आणि चक्क उलटी लावायची, पाठ बाहेर, तोंड आत. कॅमेऱ्याच्या प्लास्टिकच्या झाकणाला भोक पाडून, मुरंब्याच्या बरणीचं झाकण मधे घालून, त्याने ती चिकटवली. डास गाढवाएवढा दिसला.

एकच अडचण. उलट्या लेन्समध्ये केसाएवढीच जागा स्पष्ट दिसते. किड्याचा एक डोळा नीट आला तर दुसरा धुक्यात. त्यामुळे श्वास रोखून, पडल्या पडल्या, अख्खं शरीर सुताएवढं पुढेमागे हलवावं लागतं. एकदा ग्लेनिस बाजारातून आली तेव्हा मर्व्ह स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथा पडला होता.

"मर्व्ह?"

उत्तर नाही.

"मर्व्ह, ऐकतोयस?"

ग्लेनिसने पिशव्या टाकल्या, त्याला उताणा केला आणि छातीवर दोन्ही हात ठेवून जोर दिला.

"माशी गेली," मर्व्ह घुसमटत म्हणाला.

"तू गेलास असं वाटलं मला."

"श्वास रोखला होता."

"पुढच्या वेळी चिठ्ठी लिहून ठेव," ती म्हणाली आणि फुटलेली अंडी गोळा करायला लागली.

फ्लॅशचा उजेड डोळ्यांत खुपतो म्हणून त्याने दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनचा तुकडा कापून फ्लॅशपुढे लावला (कॅनमधलं दूध दोन दिवस फुलदाणीत होतं). कॅमेरा हलू नये म्हणून त्याखाली कोंबड्यांच्या गव्हाची पिशवी ठेवली. आणि प्रदर्शनाच्या आधीच्या मंगळवारी, त्या पिशवीच्या शिवणीतून एक सोंडकिडा आपला आपण बाहेर आला.

मर्व्हला जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. तीस वर्षं तो या जातीला चाळणीत बघत आला होता, पण बघितलं की गाडी वळवायची, एवढाच संबंध. आता कॅमेऱ्यातून बघतो तर काय देखणा. लांब सोंड, पाठीवर रांगोळीसारखे ठिपके. फक्त मागे काहीतरी पांढरंशुभ्र हवं होतं. कागद राखाडी दिसला. साखरेचे दाणे दगडांसारखे दिसले. मग त्याची नजर फडताळातल्या ग्लेनिसच्या पिठाच्या डब्यावर गेली.

ग्लेनिस सभागृहात पताका लावायला गेली होती. मर्व्हने डबा उघडला, चमच्याने पिठाचा एक सुबक डोंगर केला, किड्याला दहा मिनिटं फ्रीजमध्ये बसवलं (थंडावला की तो पोज देतो) आणि शिखरावर ठेवला. चाळीस फोटो काढले. मग रंगाच्या ब्रशने त्याला अलगद उचलून अंगणात नेऊन सोडलं. तिथे एका कोंबडीने त्याला लगेच खाल्लं. एक आत घातला, एक बाहेर काढला. हिशेब चोख होता, त्यामुळे ग्लेनिसला सांगायची गरज त्याला वाटली नाही.

छापून आणलेला फोटो तिने पाहिला. "सुंदर आहे रे. डोंगर कुठला?"

"जवळचाच," मर्व्ह म्हणाला.

अर्जावर रकाना होता, ठिकाण आणि वेळ. मर्व्हने आयुष्यभर रकाने पूर्ण भरले होते, तसाच हाही भरला. अर्जाच्या मागे काही छापलंय का, हे मात्र त्याने पाहिलं नाही. दुसऱ्यांच्या कागदांची मागची बाजू तो तीस वर्षं वाचत होता.

शनिवारी दहा वाजता सभागृहाचं दार उघडलं. परीक्षण सकाळीच झालं होतं. ग्लेनिसच्या स्कोनच्या ताटलीवर पहिल्या नंबरची निळी फीत होती. परीक्षक मिसेस ओडगर्सनी सहा स्कोनपैकी एक कापून चाखला होता, बाकी पाच तसेच. आणि समोरच, दहा पावलांवर, मर्व्हच्या फोटोवरही निळी फीत. मर्व्हने फितीला हात लावून पाहिला. खाली फोटो विभागाच्या कोलिनने आपल्या वळणदार अक्षरात, लांबून वाचता येईल अशी पाटी लिहिली होती:

'हिमशिखरावरचा सोंडकिडा. छायाचित्रकार: मर्व्ह ट्रेझाइज. ठिकाण: आमचं स्वयंपाकघर, ग्लेनिसचा स्कोनच्या पिठाचा डबा. मंगळवार, सकाळी अकरा.'

ती सगळ्यात आधी आयलीन प्रिस्कने वाचली. आयलीन म्हणजे लायोनेलची बायको, आणि स्कोनमध्ये नऊ वर्षं ओळीने दुसरी. तिने पाटी वाचली, दहा पावलं चालत जाऊन स्कोन पाहिले, परत येऊन पाटी वाचली. मग मोठ्याने वाचली.

सभागृह गप्प झालं. ज्यांनी परीक्षण व्हायच्या आधी मागच्या दाराने ग्लेनिसच्या उरलेल्या स्कोनपैकी एकेक उचलला होता, ते जास्तच गप्प झाले. ग्लेनिस ताटलीशेजारी उभी होती. तिने पाटी वाचली, फोटो पाहिला, आणि मग फलकावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मर्व्हकडे पाहिलं नाही. मर्व्हला ते नेमकं लागलं.

"माझं काही म्हणणं नाही," आयलीन म्हणाली. "फक्त समितीने ठरवावं, किडे असलेल्या पिठाला निळी फीत द्यायची का."

"तो तिच्या पिठातला नाही," मर्व्ह म्हणाला. "कोंबड्यांच्या गव्हातला आहे. मी ठेवला."

"ठेवलास?" कोलिनने विचारलं. "आणून ठेवलास?"

"हो."

"अरे मर्व्ह, अर्जाच्या मागे नियम आहे. जीव जिथे सापडला तिथेच टिपलेला हवा. आणून ठेवला तर फोटो बाद." कोलिनला वाईट वाटत होतं. फोटो त्याला खरंच आवडला होता. "नीट विचार करून सांग. ठेवलास, की तिथेच होता?"

मर्व्हने निळ्या फितीकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं, पण पाहिलं. एवढ्या वर्षांत एक. 'तिथेच होता' म्हटलं की ती आपली.

"ठेवला," तो म्हणाला.

कोलिनने फीत काढली आणि घडी करून खिशात घातली. ग्लेनिसने आता मर्व्हकडे पाहिलं. गोष्ट इथे संपली असती तर मर्व्हची छाती दिवसभर फुगलेली राहिली असती. पण मिसेस ओडगर्स बाहेरगावच्या होत्या आणि त्यांना सगळं सविस्तर हवं होतं.

"तुम्ही किती किडे ठेवलेत?"

"एक."

"आणि काढलेत?"

"एक. तो मेला. म्हणजे, कोंबडीने."

"मग हा कोण?" आयलीनने विचारलं.

तिने टपाल तिकिटांच्या टेबलावरचं भिंग आणलं होतं आणि ते फोटोच्या डाव्या कोपऱ्यावर धरलं होतं. मर्व्ह वाकला. उलट्या लेन्समध्ये केसाएवढंच स्पष्ट येतं, त्यामुळे तो तपकिरी धब्बा त्याला डोंगराची सावली वाटला होता. सावलीला सोंड होती. सावली पिठातून वर येत होती.

मर्व्हने या जातीला तीस वर्षं ओळखलं होतं. त्याला शंका घ्यायला जागाच नव्हती. ओळीने नऊ वर्षं, आई, फलक, सगळं त्या धब्ब्यापाशी येऊन थांबलं होतं, आणि ग्लेनिस त्याच्याकडे बघत होती.

"दोन," मर्व्ह म्हणाला. "दोन ठेवले. दोन काढले. आधीचं बोलण्यात चुकलं."

मागून लायोनेल प्रिस्कचा आवाज आला. "माझ्या ट्रकमध्ये किती होते रे, मर्व्ह?"

"एक."

"नक्की?"

"चालत होता, लायोनेल."

मिसेस ओडगर्सनी सुरी घेतली आणि ताटलीतले उरलेले पाचही स्कोन आडवे कापले. प्रत्येक अर्धा भाग भिंगाखाली धरला. पांढरे, मऊ, निर्मळ. ग्लेनिस पीठ तीनदा चाळते, आईने शिकवलं तसं.

"फीत राहील," मिसेस ओडगर्स म्हणाल्या. आयलीनने भिंग तिकिटांच्या टेबलावर परत नेऊन ठेवलं आणि ओळीने दहाव्यांदा दुसरी आली. संध्याकाळी रंगारी शिडी घेऊन आला आणि आईच्या नावाखाली ग्लेनिसचं नाव लिहून गेला. ग्लेनिस खाली उभी राहून एकेक अक्षर बघत होती.

गाडी दोनदा ढकलल्यावर सुरू झाली. ग्लेनिसने घरी आल्या आल्या फडताळातून पिठाचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"आता सांग. खरंच किती ठेवले होतेस?"

मर्व्हने आज एकदा खोटं बोलून पाहिलं होतं आणि तेवढ्यानेच तो थकला होता. "एक," तो म्हणाला.

ग्लेनिसने डबा स्वतःकडे ओढला. "माझ्यासाठी खोटं बोललास."

"हं."

"सगळ्या गावासमोर. लायोनेलसमोर."

"हं."

ती उठली, त्याच्या गालाला हात लावला आणि डबा घेऊन अंगणात गेली. सगळं पीठ तिने कोंबड्यांपुढे ओतलं. मर्व्हला फार बरं वाटलं. इतकं, की कोंबड्या भराभर चोची मारत असताना संध्याकाळच्या उजेडात ते पीठ पुन्हा बर्फासारखं दिसतंय, हे त्याच्या लक्षात आलं. तो आत गेला, कॅमेरा घेतला, बरणीचं झाकण नीट दाबून बसवलं. मग चमचा राहिला म्हणून स्वयंपाकघराकडे वळला.

ग्लेनिस दारात उभी होती. रिकामा डबा काखेत, वाट अडवून. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. वाद घातला नाही, दिलगिरी व्यक्त केली नाही.

"गाडी वळव," ती म्हणाली.