काट्याऐवजी आलेला जिना

शहरातला जुना विमानतळ बंद करून तिथे दुकानं आणि घरं बांधायचं ठरलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी सगळ्या कामगारांना सांगितलं, "आठवण म्हणून प्रत्येकाने एक वस्तू न्या. नाव-पत्त्याचा टॅग बांधा. ट्रकवाला घरपोच करील."

आप्पांनी तीस वर्षं विमानात सामान चढवलं-उतरवलं होतं. त्यांना फक्त सामान तोलायचा जुना काटा हवा होता. बायको डबा घेऊन आली की त्यावर उभी राहायची. आप्पा मागून बुटाचं टोक हळूच दाबायचे आणि तिचं वजन चार किलोंनी वाढायचं. त्या धसक्याने तिने चहातली साखर सोडली. खरं काय ते तिला सांगू-सांगू म्हणता ती गेली. त्याला आता वर्ष झालं होतं.

पण टॅग बांधायचा तो मुठीलाच, हा आप्पांच्या हाताचा नेम. काट्याला मूठच नव्हती. त्याला खेटून विमानाचा चाकांचा जिना उभा होता आणि त्याच्या कठड्याला छान मूठ होती. हात आपोआप तिकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून गॅलरीतून म्हणाली, "बाबा, खाली विमानाचा जिना आलाय. विमान मागून येतंय का?"

आप्पा धावत खाली गेले. ट्रकवाला जिना सोडून निघालाच होता.

"अरे, मला काटा हवा होता."

"टॅग म्हणेल तिथे माल, हे तुम्हीच शिकवलंत. बिनटॅगचं सगळं दुपारी भंगारात जाणार."

तेवढ्यात जिना उतारावरून घरंगळला आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला अलगद जाऊन टेकला. तिथे राहणाऱ्या शिक्षिकाबाई कपडे वाळत घालत होत्या.

"कोण येतंय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

इमारतीची लिफ्ट दोन महिने बंद होती आणि आतल्या जिन्याच्या खालच्या टप्प्यावर आत्ताच रंगकाम सुरू झालं होतं. वरच्या मजल्यांवरची मंडळी बाईंच्या स्वयंपाकघरातून रांगेने उतरू लागली. बाईंनी चपला हातात घ्यायला लावल्या. आप्पा पायथ्याशी उभे राहून सवयीने म्हणू लागले, "हातात एकच पिशवी. ढकलू नका."

साहेबांचा फोन आला. "आप्पा, शेवटचं विमान उतरलंय. साठ माणसं आत अडकलीत, आजच्या निरोप समारंभाचे पाहुणेसुद्धा. आपला एकुलता एक जिना कुठाय?"

"आमच्या दुसऱ्या मजल्याला लागलाय, साहेब. अजून चौघं उतरायचीत."

"ताबडतोब पाठवा."

"पाठवतो. पण आधी जिना न्यायला येणाऱ्या ट्रकमध्ये काटा चढवा." तीस वर्षांत आप्पांनी साहेबांना घातलेली ही पहिलीच अट.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरलंय. पाहुणे कसे आहेत?"

पलीकडून पाहुण्यांचा आरडाओरडा ऐकू आला. मग साहेब म्हणाले, "चढवतो."

दुपारी काटा बाहेरच्या खोलीत आला. आप्पा त्यावर उभे राहिले. अडुसष्ट.

"परवा दवाखान्यात तर चौसष्ट होतं," असं म्हणत त्यांनी मागे पाहिलं. सुनेच्या पायाचा अंगठा काट्यावर होता.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"आईंनी. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग साखर का सोडली तिने?"

"तुमच्यासमोर सोडली होती. तुम्ही ड्यूटीवर गेलात की तीन चमचे."

आप्पा बराच वेळ काट्यावरून उतरलेच नाहीत.

"चहा टाक," शेवटी ते म्हणाले. "तिच्या मापाने."