टेकडीपुऱ्याचा नळ आणि विसर्जनाचा हुकूम

वर्धा मुलखी, जेथे वैशाखात सूर्य अंमल करितो आणि कुलर त्याची चाकरी, तेथील एका नगरीच्या टेकडीपुऱ्यास पाणी कैसे आले, त्याचे वर्तमान यथास्थित लिहितो. नगरीचे नाव लिहिणे सलाह नव्हे. डोळां देखिले ते लिहिले, ऐकिले ते पारखून लिहिले.

या नगरीत ‘वर्दी-वस्ती पक्ष’ म्हणोन एक लहान पक्ष. पलटणीतून निवृत्त जाहलेले हवालदार-शिपाई हे त्याचे सरदार, आणि टेकडीपुऱ्यातील धुणीभांडीवाल्या, हमाल, रिक्षेवाले ही त्याची फौज. निशाण शिट्टीचे. मागील निवडणुकीत पक्षाने बहुत शर्थ केली आणि एकही जागा हाती न आली. परंतु प्रचाराच्या शिट्ट्या घरोघर पोहोचल्या आणि नगरीची दुपारची झोप परागंदा जाहली. पक्षाध्यक्ष सुभेदार नरहरजी हिंगणीकर, मिशी खडी, हुकूम सगळे पलटणी हिंदीत.

ऐशात टेकडीपुऱ्याचा नळ आटला. पाणी उताराकडे धावते हा सृष्टीचा कायदा, आणि टाकी टेकडीच्या माथ्यावर, म्हणोन पहिला मान टेकडीपुऱ्याचा. परंतु या नगरी ते वशिल्याकडे धावे, सबब खालच्या बंगल्यांच्या बागा हिरव्या आणि टेकडीच्या घागरी कोरड्या. आणि भांडी घासून संसार करणारी कांताबाई, तिची लेक सुरभी, तिची हळद दुसरे दिवशी. हळद लावावी, मग धुवावी कशाने, या फिकिरीने बाई सुभेदारांपाशी आली आणि म्हणाली, “साहेब, पोरीले पिवळीच सासरी धाडू काय?”

तेव्हा मिशी थरारली आणि मोहिमेचा हुकूम जाहला. आनंदाबाई वयाने थोर, तिजला शिट्टी देऊन नळाचे ठाण्यावर ठेविले, की थेंब दिसताच इशारत करावी. मग माजी हवालदार बंडूजी आघाडीस, मधल्या फळीत रिकाम्या घागरी, पिछाडीस रिक्षा, ऐसी फौज दरकूच निघोन टेकडीखालील पाणीखात्याच्या दारी दाखल जाहली.

आत प्रफुलसाहेब, पाणीखात्याचे कारभारी, देह भरदार, कुलरसमोर विराजमान. बोलणे लावण्यापूर्वी फौज शिस्तीत दिसावी म्हणोन सुभेदारांनी आज्ञा केली, “विश्राम!” पलटणीत याचा अर्थ पाय फाकून उभे राहणे. परंतु बाया पहाटेपासून राबलेल्या. त्या दारात, पायऱ्यांवर फतकल मारोन बसल्या आणि भाकर-कांद्याची फडकी सोडिली. बंडूजी घाबरे जाहले.

“अवो, उभ्यानं करायचा असते विश्राम!”

“उभ्यानं तं घोडे करतेत, बंडूजी,” कांताबाई म्हणाली. “बसा तुमीबी. कांदा घ्या.”

येणेप्रमाणे हुकमाची चूक होऊन वेढा मात्र उत्तम पडिला. साहेबांस जेवावयास घरी जाणे, आणि वाट एकच, तीवर भाकरी. मग साहेब दारी आले आणि पुढील हप्त्यात पाणी देतो ऐसे वचन बोलिले. सुभेदार जबानीचे सच्चे, त्यांस दुसऱ्याची जबानही सच्चीच वाटे. त्यांनी सलाम केला, फौजेकडे वळले आणि फौज मोडण्याचा पलटणी हुकूम गर्जले, “विसर्जन!”

कोणी हलेना. कांताबाईने घास खाली ठेविला.

“विसर्जन? पानीच नाई तं विसर्जन कायच्यात करू, साहेब?”

“आन गणपती कुठी हाय?” मागून एक रिक्षेवाला ओरडला.

कांताबाईने साहेबांकडे बोट केले. “थो काय, दारात उभा राहून राह्यला! पानी नसन देत, तं धामीवर नेतो मंग त्याले!”

धाम नदीचे नाव निघताच घागरी ताशासारख्या वाजू लागल्या, मोरयाचा गजर जाहला, आणि खात्याचे कारकूनही तोंडात रुमाल कोंबून हसो लागले. साहेबांनी आपल्या पोटाकडे पाहिले, फौजेकडे पाहिले, आणि तेही हसले. तेथेच त्यांची शिकस्त जाहली. मग व्हॉल्व्हवाला प्रेमदास यास तत्काळ चावी फिरविण्याचा हुकूम सुटला. फौज बैसोनच राहिली. काही वेळाने टेकडीवरून शिट्टी ऐकू आली, एक नव्हे, दम संपेतो.

सुभेदारांचे डोळे पाणावले. त्यांनी हळूच, विचारल्यासारखे म्हटले, “आता... विसर्जन?”

“आता करा,” कांताबाई म्हणाली, आणि फौज घागरी उचलोन उधळली.

दुसरे दिवशी सुरभीस हळद लागली आणि घागरी ओतून धुतली. ते पिवळे पाणी उताराने वाहत खालच्या बंगल्यांच्या फाटकांपर्यंत गेले. ऐसी टेकडीपुऱ्याची फत्ते जाहली आणि सृष्टीचा कायदा नगरीत पुन्हा जारी जाहला.