आक्काची पुढची खोली

आमच्या आक्कासमोर ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द बोलायची सोय नव्हती. आमचे वडील, आप्पा, कुरकुरले, “ह्या घरात वेळेवर च्या कधीच मिळत न्हाय,” की आक्का चष्मा वर सारायची.

“कधीच न्हाय? सकाळी दिलता की.”

“सकाळी मिळाला.”

“मग आत्ता मिळाला न्हाय, एवढंच म्हणा.”

एवढं होईस्तोवर चहाची वेळ टळून जायची.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबली आणि तिची ही थोरली लेक समाजकार्य शिकून आली. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास, शहरातल्या खासबाग भागात, भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, ती नवरा-बायकोची भांडणं ऐकायला बसू लागली. गल्लीला वाटलं, ही वकीलच. एका म्हातारीनं अंगारा मागितला. मी तिची धाकटी बहीण, शाळेत शिकवायची, तिथं ऐटीत सांगायची, “आमची आक्का माणसांना बोलायला लावते.”

आक्का मात्र खोलीतलं अवाक्षर बाहेर काढत नसे. ही हकीकत कळली ती गुंजी गावाकडच्या एका कारकुनामुळं. भांडण मिटल्यावर वर्षभरानं तो तांदूळ घेऊन आला आणि ओसरीवर बसून आपणच सांगत सुटला.

तो बायकोला घेऊन आलता तेव्हा म्हणालता, “ही नेहमी गप बसती. हिला बोलायला शिकवा.”

आक्कानं दोघांना एकमेकांच्या खुर्चीत बसवलं. त्याला म्हणाली, “आता तुम्ही म्हणजे ह्या. ह्यांच्या तोंडानं बोला.”

त्यानं टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला. “अहो, गावाकडनं तांदूळ कवा आणताय?” बायको तोंडाला पदर लावून हसली. आक्का हसली नाही. “हं, फुडं,” म्हणाली.

“तुम्ही कामावरनं येताय. मी काय सांगायला आले की...” तो अडखळला. “की तुम्ही पेपर उघडताय.”

टॉवेल त्यानं हळूच उतरवला.

“पेपर न्हाय,” बायको म्हणाली. “रेडिओ लावताय.” आणि मग ती अशी बोलत सुटली, की त्यांची गुंजीची गाडी चुकली.

“आता मीच गप बसतो, बाई,” असं म्हणत तो ओसरीवरनं हसत उठला. आक्कानं त्याला फाटकापर्यंत पोचवलं. मला इतका अभिमान वाटला, की गल्लीत ओरडून सांगावंसं वाटलं.

ती परत आल्यावर मी सहज विचारलं, “आक्का, तुझं असं कोण ऐकतं गं?”

ती तांदळाच्या पिशवीचं तोंड बांधत राहिली.

“एक जण ऐकायचा. कॉलेजात. लग्न ठरल्यातच जमा होतं. लग्नानंतर हे काम करायचं न्हाय म्हणाला. मग मोडलं.”

“आवडायचा तुला?”

“लई.”

मी सरकून तिला जागा करून दिली. ती माझ्या शेजारी टेकली. मी तिच्याकडं तोंड करून बसले. मग ती आपणहून सांगू लागली.